कुलपाएवढा पाला

गिरणी बंद पडली की अक्का ऐकू यायच्या.

गिरणी चालू असताना दुसरं काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण लाइट गेली, पट्टा मंदावत मंदावत थांबला आणि जातं गप्प झालं, की त्या शांततेत टिक टिक असा बारीक आवाज सुरू व्हायचा. नवं गिऱ्हाईक भिंतीवर घड्याळ शोधायचं. तराजूमागे पाटावर बसलेल्या अक्का त्याची शोधाशोध जरा वेळ मजेत बघायच्या आणि मग म्हणायच्या, "घड्याळ न्हाई बाबा, मी हाय ती."

अक्कांच्या काळजात धातूची झडप होती. लहानपणी सांधे धरणारा ताप आला, तो गेला. पण जाताना काळजाची एक झडप खराब करून गेला. पन्नाशी उलटल्यावर ती पुण्याला जाऊन बदलावी लागली. ऑपरेशनला नेताना नर्सने गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढून ठेवायला सांगितली, तर अक्कांनी ती मुठीत धरली आणि भूल चढेपर्यंत मूठ सोडली नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा : "जुनी झडप वजनाला किती भरली?" डॉक्टरांनी काही वजन केलं नव्हतं. "न मोजताच बदलली?" अक्का म्हणाल्या आणि नाराज होऊन परत झोपल्या. हा किस्सा त्या स्वतःच सांगायच्या, आणि दरवेळी तितक्याच नाराज व्हायच्या.

मी तेव्हा धारूरच्या वीज कार्यालयात कारकून होतो. नोकरीतली पहिली नेमणूक. साताऱ्याकडून आलेला, एकटा, आणि राहायला मिळाली ती नेमकी गिरणीवरची माडी. वीज कार्यालयाचा माणूस गिरणीवालीचा भाडेकरू, म्हणजे माझं काय झालं असेल ते सांगायला नको. तालुक्यातल्या प्रत्येक भारनियमनाला अक्कांच्या लेखी मी एकटा जबाबदार होतो. लाइट गेली की खालून हाक यायची, "ओ लाईटवाले! काहून घालवली आता?" मी जिन्यातून तोंड काढून सांगायचो की अक्का, ती वरून गेली. "वर तर तुमीच राहताय," असं त्यावर उत्तर.

"मोजलं का?" हे त्यांचं आवडतं वाक्य. यंदा थंडी लई हाय, असं कोणी म्हणालं की अक्का विचारायच्या, "मोजलं का?" आपली बायको फार बोलते, अशी तक्रार एकाने रांगेत उभ्या उभ्या केली, त्यालाही तोच प्रश्न. एकदा मी डोकं दुखतंय म्हणून रजा टाकून पडलो होतो, तर जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "किती दुखतंय?" खूप, म्हणालो. खूप हा आकडा त्यांना चालत नसे. शेवटी बारा आणे दुखतंय असं कबूल केलं तेव्हा त्यांनी सुंठेचा लेप आणून दिला. संध्याकाळी पुन्हा येऊन चार आण्यांवर उतरलं का ते विचारून गेल्या.

गिरणीतही हेच चालायचं. दाणे आधी तोलायचे, पीठ नंतर तोलायचं, आणि मधल्या मधे जात्याने किती खाल्लं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं. ज्वारीमागे बाजरी आली तर आधी घरची मूठभर बाजरी घालून जातं धुऊन घ्यायचं, म्हणजे कोणाचं पीठ कोणात जाऊ नये. पीठ चिमटीत घेऊन त्या डोळे मिटायच्या. कोणी "पीठ जाड आलं" म्हणून कुरकुरलं तर म्हणायच्या, "जात्याला शिव्या घालू नगा. आधी दाणे बगा. दाण्यात ओल असंल तर जातं काय करील?" हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते एक दिवस त्यांच्या स्वतःच्या जिवाला लागू पडेल असं मला कधी वाटलं नाही.

कारण अक्कांचा जीवही एका आकड्यावर होता. छातीत धातूची झडप असली की तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. ती लागू पडते की नाही हे रक्त तपासून कळतं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. अडीचच्या फार खाली गेला तर झडपेवर गाठ धरायची भीती, वर गेला तर नाकाहिरड्यातून रक्त. दर महिन्याला अक्का धारूरहून केज, केजहून मांजरसुंबा, तिथल्या धाब्यांसमोर उभं राहून मिळेल ती औरंगाबादची गाडी, असा प्रवास करायच्या. एक दिवस जायला, एक यायला. आकडा बरोबर आला तर गिरणीत येऊन मोठ्याने सांगायच्या आणि त्या दिवशीचं रांगेतलं पहिलं दळण फुकट.

पण लागोपाठ दोन वर्षं ऐन हिवाळ्यात त्यांचा आकडा घसरला. दोन्ही वेळा औरंगाबादच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि दोन्ही वेळा उन्हाळ्याच्या तोंडाला तो असा वर चढला की अक्कांच्या अंगावर काळेनिळे डाग उठले. डॉक्टर भला माणूस होता, पण त्याने जो अर्थ काढला तो कोणीही काढला असता : बाई गोळ्या चुकवतात. मग आठवण झाली की घेतात.

"मी एक बी गोळी चुकवली न्हाई," अक्का सांगायच्या. त्यांचा मुलगा पुण्यात नव्यानेच आलेल्या एका परदेशी कंपनीत होता. आईवर जीव टाकणारा, पण घाईतला. त्याने डॉक्टरांचं ऐकलं आणि दिवाळीला आला तो एक भलंमोठं पितळी कुलूप घेऊनच. ते त्याने तराजूशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "आई, गिरणीच्या धांदलीत तू गोळ्या विसरतीस. या हिवाळ्यात आकडा घसरला तर हे गिरणीला लावायचं आन् तू माझ्याकडं पुण्याला. बास."

अक्कांनी कुलूप उचललं. मला वाटलं फेकून मारतात. त्यांनी ते पारड्यात टाकलं, वजनं चढवली, उतरवली आणि भिंतीवर खडूने लिहिलं : कुलूप, दोनशे चाळीस ग्रॅम. मग म्हणाल्या, "बरं. ठरलं." धारूरच्या त्या गिरणीवाचून ही बाई पुण्याच्या फ्लॅटमध्ये कशी जगणार, या विचाराने मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्याच दिवाळीत अक्कांचा जर्मनीत नोकरीला लागलेला भाचा गावी आला आणि मावशीसाठी एक यंत्र घेऊन आला. तळहाताहून थोडं मोठं, करड्या रंगाचं. त्यात पट्टी सारायची, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा, की मिनिटाभरात आकडा समोर. औरंगाबाद नको, मांजरसुंबा नको. सोबतच्या पुस्तिकेत सात भाषा होत्या, आणि त्यातली इंग्रजी वाचायचं काम माझ्यावर आलं. पट्ट्या थंड ठेवायच्या होत्या, म्हणून त्या समोरच्या औषधाच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये गेल्या. टोचण्याआधी पट्टी अर्धा तास बाहेर काढून ठेवायची, यंत्र सपाट जागी ठेवायचं, हलवायचं नाही, थेंब लहान चालणार नाही. मी हे एकेक वाचत गेलो तसा अक्कांचा चेहरा खुलत गेला. "म्हंजी ह्यो जावई हाय की," त्या म्हणाल्या. "गार पाहिजे, निवांत पाहिजे, वाढलेलं कमी पडलं की रुसतोय." त्या दिवसापासून यंत्राचं नाव जावईबापू.

पहिल्या दिवशी जावईबापू चार वेळा रुसले. अक्कांची बोटं तीस वर्षं जात्यावर घासून अशी राठ झाली होती की सुई आत जाते की नाही तेच कळेना. गेली तर रक्त येईना. आलं तर बोटाच्या रेषांतल्या पिठात मुरून जाई. रांगेतला जो तो सल्ला द्यायला लागला. एकाने बोट दाबा म्हटलं, एकीने झटका म्हटलं. तिथे एक म्हातारा मेंढपाळ रोज येऊन बसायचा. त्याची मेंढरं गिरणीमागच्या मोकळ्या रानात बसलेली असायची. त्याला सगळे मामा म्हणायचे. मामा म्हणाला, "अक्का, गरम पान्यात हात ठुवा. मेंढराची शीर बी ऊन लागल्याबिगर घावत न्हाई." आम्ही हसलो, पण उपाय लागू पडला. थेंब असा टपोरा आला की यंत्राने लगेच घेतला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. दोन पॉइंट नऊ! अक्कांनी दोन्ही हात वर केले आणि रांगेतल्या पहिल्या माणसाचं दळण फुकट झालं.

गोळीचंही त्यांनी पक्कं केलं. रोज संध्याकाळी सहाला गिरणी थांबवायची, सगळ्यांना जवळ बोलवायचं, गोळी उंच धरून दाखवायची आणि गिळायची. "बगा बरं का, गिळली." मामाचं तेवढ्यावर भागायचं नाही. "जीब वर करा अक्का," तो म्हणायचा, आणि अक्का तोंड उघडून जीभ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे करून दाखवायच्या. मग साक्षीची वही निघायची. हजर असतील त्यांनी सही करायची, लिहिता न येणाऱ्याने अंगठा. लोक सहाच्या सुमाराला मुद्दाम दळण घेऊन यायला लागले. नवरात्रातल्या आरतीला झाली नसेल एवढी गर्दी मी गोळीला पाहिली आहे. दर सोमवारी सकाळी जावईबापूंचा मान. आकडा मी वहीत लिहायचो : दोन पॉइंट नऊ, दोन पॉइंट आठ, तीन, दोन पॉइंट नऊ. मुलगा सोमवारी संध्याकाळी समोरच्या औषधाच्या दुकानात फोन करायचा आणि आकडा विचारायचा. अक्का तो तालात सांगायच्या. हा हिवाळा आम्ही जिंकणार याबद्दल मला शंकाच उरली नव्हती.

मग येळवस आली.

मार्गशीर्षातल्या अमावास्येचा हा सण. लातूर-उस्मानाबादेकडे तो मोठा, पण आमच्या डोंगरकडेलाही लोक त्या दिवशी घरं बंद करून शेतात जायचे. कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोप करायची, पूजा करायची आणि भज्जी, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे असं रानात बसून खायचं. भज्जी म्हणजे डाळी, हिरवे दाणे, शेंगदाणे, बेसन आणि चिंच घालून मोठ्या भांड्यात तासन् तास शिजवलेला तो दाट प्रकार. मी साताऱ्याकडचा, पण पहिल्या घासालाच या मातीचा झालो. गिरणीला सणाआधी आठ दिवस श्वास घ्यायला फुरसत नसायची. आणि सण झाला की प्रत्येक घरातून गिरणीत एक डबा यायचा. त्याला जात्याचा वाटा म्हणायचे. उंड्याचं पीठ जात्याने दिलं, म्हणून पहिला मान जात्याचा. डबा जात्यापुढे ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं. जातं काही खात नाही, म्हणून मग तो वाटा अक्कांचा. तो नाकारायचा नसतो, टाकायचा नसतो आणि दुसऱ्याला द्यायचाही नसतो. भज्जी शिळी झाली की आणखी चवदार लागते हेही एक होतंच. त्या वर्षी चौदा डबे आले. अक्का दोन्ही वेळा भाकरीबरोबर भज्जी खात होत्या, आणि वर मला हिणवत होत्या की लाईटवाले, तुमच्या साताऱ्यात असलं काय हाय?

येळवशीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी गरम पाण्यात हात ठेवून, बोट पुसून, अक्कांनी थेंब सोडला. एक पॉइंट सात.

अक्कांनी दुसरी पट्टी मागितली. एक पॉइंट सात. मामाने साक्षीची वही उघडून उगाचच पानं उलटली. एकही दिवस रिकामा नव्हता, रोज दहा-पंधरा सह्या आणि खाली त्याचा अंगठा. मी औषधाच्या दुकानातून औरंगाबादला डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी आहे तशीच चालू ठेवा आणि गुरुवारी नक्की या, बघून ठरवू, असं सांगितलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे या वर्षीही चुकवल्या."

संध्याकाळी पुण्याचा फोन येणार होता. मी अक्कांना म्हणालो, "दोन पॉइंट सात सांगा. एका आकड्याचा तर फरक आहे. गुरुवारी डॉक्टर काय ते बघतील, तुमची गिरणी तरी राहील." आज लाज वाटते, पण तेव्हा मनापासून म्हणालो होतो. अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आयुष्यात पुन्हा कुठल्या वहीत खोटा आकडा लिहिला नाही. "मोजलेलं बदलायचं न्हाई, लाईटवाले," त्या म्हणाल्या. फोन आला. त्यांनी एक पॉइंट सात सांगितलं, मुलगा काय बोलला ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तो बुधवारी येणार होता, कुलूप लावायला.

मंगळवारी सकाळी लाइट नव्हती. गिरणी बंद, रांगेत पाचसहा जण, मामा कोपऱ्यात, आणि त्या शांततेत अक्कांची टिकटिक. मला ती त्या दिवशी ऐकवेना. अक्का बराच वेळ जात्याकडे बघत बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आरं, मी जात्यालाच शिव्या घालतीय की. दाणे कुठं बगितले?"

कोणाला काही कळलं नाही.

"गोळी तीच. सुई तीच. जावई खोटं बोलंना. मग माज्या पोटात नवं काय गेलं? सांगा लाईटवाले, तुमी बगता ना वरून. मी काय खाल्लं?"

"भज्जी," मी म्हणालो. "दोन्ही वेळा. आठ दिवस."

"पण ती डाळीची असती."

रांगेतली एक बाई म्हणाली, "अक्का, डाळ थोडी. सगळा पालाच असतोय की."

अक्का उभ्याच राहिल्या. हिरव्या पाल्याने गोळीचा जोर मारला जातो म्हणून डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी पालेभाजी जपून खा असं बजावलं होतं, आणि त्यांनी पालक, मेथी, शेपू सगळं इमानदारीने बंद केलं होतं. पण भज्जी त्यांच्या हिशेबात भाजीत बसतच नव्हती. तो सण होता. तो जात्याचा वाटा होता. डॉक्टर दर हिवाळ्यात विचारायचे, पालेभाजी खाता का, आणि अक्का शंभर टक्के खरं सांगायच्या की नाही.

"एका डब्याच्या भज्जीला काय काय लागतंय ते आना," त्यांनी हुकूम सोडला. बायका पळाल्या. कोणी हरभऱ्याचा कोवळा पाला आणला, कोणी मेथी, कोणी चुका, कोणी कांद्याची पात. घराघरांत प्रमाण ठरलेलं, त्यामुळे फार वाद झाला नाही. अक्कांनी सगळा पाला पारड्यात घातला. पारडं खाली गेलं. त्या वजनं चढवत गेल्या, आणखी चढवत गेल्या, आणि काटा जेव्हा मधे आला तेव्हा दीड किलो झालं होतं. एका डब्यात दीड किलो पाला. असे चौदा डबे.

"मी मोजलंच न्हाई," अक्का हळूच म्हणाल्या.

आणि कोपऱ्यातून मामाने, जन्मभर वाट बघितल्यासारखं, विचारलं, "अक्का, मोजलं का?"

काय हसलो आम्ही! रांगेतल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. अक्का आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "मागच्या दोन सालाची क्यालेंडरं हायत का बगा. येळवस कदी व्हती ते काढा." क्यालेंडरं भिंतीवरच होती, एकावर एक टांगलेली. औरंगाबादचे जुने रिपोर्ट पत्र्याच्या डब्यात होते. मी तारखा लावून बघितल्या. दोन्ही वर्षी आकडा घसरला होता तो येळवशीनंतरच्या पंधरवड्यात. पुढे भज्जी संपली तरी वाढवलेली गोळी चालूच राहिली, म्हणून उन्हाळ्यात तो चढला होता. मी पाटावरून असा उठलो की माझं डोकं तराजूच्या दांडीला आपटलं.

बुधवारी मुलगा आला. अक्का त्याला फक्त एवढंच म्हणाल्या, "कुलूप राहू दे तिथं. उद्या आपन औरंगाबादला जाऊन येऊ. मग लाव." गुरुवारी आम्ही तिघं पहाटेच्या गाडीने निघालो. मला त्यांनी वही वाचायला घेतलं होतं. बरोबर एक पिशवी होती, ती त्यांनी सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही.

डॉक्टरांनी समोर बसवून पहिलाच प्रश्न केला, "आता खरं सांगा, किती गोळ्या राहिल्या?"

अक्कांनी आधी टेबलावर जावईबापू ठेवले. मग साक्षीची वही. मग रिपोर्ट आणि क्यालेंडरं. आणि मग पिशवी उलटी केली. हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, पात, सगळा ढीग डॉक्टरांच्या कागदांवर.

"हे काय आहे?"

"ह्यो माजा गुन्हा. दीड किलो हाय, मोजून आनलाय."

मी वही वाचून दाखवायला लागलो. पहिल्या दोन पानांपर्यंत डॉक्टर हसत होते. मामाचे अंगठे बघून आणखी हसले. मग क्यालेंडरं त्यांनी स्वतःकडे ओढली, रिपोर्ट शेजारी लावले आणि त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी तिथेच अक्कांचं रक्त काढून तपासायला दिलं आणि यंत्रावरही आकडा घ्यायला लावला. यंत्रावर एक पॉइंट आठ, तपासणीत एक पॉइंट सात. "असलं यंत्र मी आजवर फक्त वाचलं होतं," ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "अक्का, मी तुम्हाला दरवर्षी पालेभाजीचं विचारत होतो."

"इचारत व्हता. मी न्हाई म्हनत व्हते. भज्जी भाजी न्हाई डॉक्टरसाहेब, ती येळवस हाय."

"मी सणाचं विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मुलाकडे वळून त्यांनी सांगितलं, "यांनी एकही गोळी चुकवलेली नाही. चूक माझ्या समजण्यात होती." पंधरा दिवसांपुरती गोळी थोडी वाढवून दिली, आणि पुढे म्हणाले, "पाला बंद नाही करायचा. उलट रोज खायचा. एक वाटी, बारा महिने, कमी नाही आणि जास्त नाही. तेवढ्याला धरून मी गोळी बसवतो. फक्त रोज मोजून."

मोजून! अक्कांचा चेहरा त्या क्षणी असा उजळला की मी तो अजून विसरलेलो नाही. आयुष्यभर लोकांनी ज्या सवयीची चेष्टा केली, तीच आता त्यांना औषध म्हणून लिहून मिळाली होती.

परतीच्या गाडीत मुलगा खिडकीबाहेर बघत बसला होता. गेवराई गेल्यावर म्हणाला, "आई, मी तुला खोटी ठरवलं गं."

"खोटी ठरवलंस त्याचं काय न्हाई," अक्का म्हणाल्या. "न मोजता ठरवलंस." आणि पिशवीतला राहिलेला पाला त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "निवड."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वाटी शिजलेल्या पाल्याला कच्चा पाला किती लागतो ते तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा काटा त्याच जागी आला. तेवढ्याचं नेमकं वजन तराजूजवळ नव्हतं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, तिथे खडूने लिहिलेल्या दोनशे चाळीसकडे, आणि मग त्यांनी शेजारचं पितळी कुलूप उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवलं. काटा मधे येऊन उभा राहिला. पाल्याची एक जुडी आणि गिरणीला लागायला आलेलं कुलूप. मुलगा तेव्हा निघायच्या तयारीत पिशवी भरत होता. तो बघतच राहिला.

त्या दिवसापासून रोज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी पहिलं तोलणं हे. उन्हाळ्यात पाला मिळेना तर हिवाळ्यात वाळवून ठेवलेला, त्याचंही प्रमाण काढलेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही सगळे धास्तावून बसलो होतो, पण आकडा काही वर गेला नाही. तीन, दोन पॉइंट नऊ, तीन. औरंगाबादचे डॉक्टर सणासुदीला फोन करून विचारायचे, "अक्का, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे काय शिजतं?"

पुढच्या येळवशीला जात्याच्या वाट्याची पाळी लागली. एका दिवशी एकाच घरचा वाटा, तोही रोजच्या पाल्याऐवजी एक वाटी, आणि घरोघरच्या नावांची यादी तराजूवर चिकटवलेली. ती यादी माझ्या अक्षरात आहे. वाटा एकाही घराचा चुकला नाही, आणि चौदाच्या पुढची घरंही नाव लावायला आली.

मुलगा त्या सणाला आला होता. दुसऱ्या सोमवारी सकाळी तो निघणार, तेवढ्यात लाइट गेली. पट्टा थांबला, जातं थांबलं आणि टिकटिक सुरू झाली. मुलगा दारात थांबला. इतकी वर्षं तो घाईत येऊन घाईत जायचा, हा आवाज त्याने नीट ऐकलाच नव्हता. परत आत आला, पाटासमोर बसला. अक्कांनी बोट पुढे केलं. "मोज."

त्याने आईचा हात गरम पाण्यात धरला, पुसला, सुई टोचली. थेंब टपोरा आला. रांग पुढे सरकून सगळी यंत्राभोवती जमली, मामा सगळ्यात पुढे. दोन पॉइंट नऊ! गिरणीत अशी आरोळी उठली की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मुलगा हसत होता आणि रडत होता, आणि मीही, ते लपवायचं कारण नाही.

जरा वेळाने पिशवी खांद्याला लावताना तो म्हणाला, "आई, ते कुलूप नेतो म्हणतो मी. पुण्याच्या दाराला चांगलं कुलूप न्हाई. हितं तर ते उगाच पडलंय."

अक्कांनी पारड्यातल्या कुलपावर हात ठेवला. तेवढ्यात लाइट आली.

"दुसरं घे," त्या म्हणाल्या. "हे कामाला लागलंय." आणि त्यांनी पट्टा चढवला.